आदल्या दिवशीचं ग्रीस

आमचे बाबा हेकट आहेत, असं कॉलनीत अजूनही म्हणतात. म्हणणाऱ्यांपैकी एकालाही तो व्हॉल्व्ह काय काम करतो हे सांगता यायचं नाही. मला येतं, कारण आमच्या घरात जेवताना दुसरा विषयच नसायचा.

बाबा अणुवीज केंद्रात फिटर. तिथे भट्टी थंड ठेवणारं पाणी कधी कमी पडलं, तर राखीव टाकीतलं पाणी आत सोडणारे दोन व्हॉल्व्ह आहेत. एरवी ते बंद असतात. वर्षानुवर्षं बंद बसायचं आणि ज्या दिवशी हाक येईल त्या दिवशी दहा सेकंदांत आपणहून उघडायचं, एवढंच त्यांचं काम. ते उघडतात की नाही हे बघायला दर तीन महिन्यांनी चाचणी व्हायची. साहेब कंट्रोल रूममधून बटण दाबून घड्याळ लावायचे आणि बाबा व्हॉल्व्हजवळ उभे राहून दांडा वर सरकतोय का ते बघायचे.

आता गंमत ऐका. गंमत म्हणायची, पण आठवली की माझं अजून डोकं फिरतं. चाचणीच्या आदल्या दिवशी बाबांनी जायचं, दोन्ही व्हॉल्व्हना ताजं ग्रीस लावायचं आणि हाताने चाक फिरवून दोनदा उघडबंद करायचं. का, तर चाचणीत नापास व्हायला नकोत. याला तिथे ‘अंग मोकळं करणं’ म्हणायचे. नियमांच्या पुस्तकात हे कुठेच नव्हतं. बाबांना त्यांच्या वस्तादाने शिकवलं होतं. एकोणीस वर्षं बाबांनी ते इमानेइतबारे केलं, एकोणीस वर्षं व्हॉल्व्ह पास झाले आणि आम्हाला त्याचा केवढा अभिमान! मी तर शाळेत मैत्रिणींपुढे फुशारकी मारायचे, की माझ्या बाबांचा व्हॉल्व्ह कधी अडतच नाही.

मग एकदा बाबा तापाने आडवे झाले. चाचणीच्या दिवशी सकाळी कसेबसे उठून गेले, पण आदला दिवस अंथरुणातच गेला होता. बटण दाबलं गेलं. पहिल्या व्हॉल्व्हचा दांडा हलला नाही. मोटर नुसती कण्हली आणि गप्प झाली. बाबांनी तसं फोनवर कळवलं, तर साहेब म्हणाले, पुन्हा दाबतो. दुसऱ्या वेळी तो एक झटका देऊन उघडला. वेळ त्या दुसऱ्या खेपेपासून धरली आणि कागदावर आलं: आठ सेकंद, समाधानकारक.

बाबांनी त्या कागदावर सही केली नाही.

घरी आले ते बूटही न काढता खुर्चीत बसले. आईला वाटलं, ताप पुन्हा चढला.

“एकोणीस वर्षं मी व्हॉल्व्ह तपासलाच नाही,” ते म्हणाले. “मी माझंच ग्रीस तपासत होतो.”

साहेब माणूस वाईट नाही असं बाबा आजही म्हणतात. मी म्हणत नाही. बाबा त्यांच्याकडे दोन गोष्टी मागायला गेले: व्हॉल्व्ह खोलून बघा आणि पुढची चाचणी त्याला हात न लावता घ्या. साहेबांनी समजूत घातली, की एक अडला तर दुसरा आहेच, म्हणून तर दोन ठेवलेत. त्यावर बाबांनी विचारलं, की दुसऱ्यालाही त्याच दिवशी, त्याच डब्यातलं ग्रीस, त्याच हाताने लागतं, मग तो काय म्हणून वेगळा वागेल? साहेबांना एकदम मीटिंग आठवली. आठवड्याच्या आत बाबांना टूल रूमच्या खिडकीत बसवलं, पाने आणि हातोड्या देण्याघेण्याच्या कामावर. कारण दिलं तब्येतीचं. ताप उतरून तेव्हा पाच दिवस झाले होते.

शेजारच्या काकूंनी आईला जिन्यात गाठलं आणि सुनावलं, की असलं काहीबाही बोलून लोकांना घाबरवू नये, सगळ्यांच्या चुली याच केंद्रावर पेटतात. आई वर येऊन बाबांवरच उखडली, की साऱ्या जगाच्या काळजीचा मक्ता तुम्ही एकट्यानेच घेतलाय का? मी बाबांची बाजू घ्यायची सोडून मूग गिळून बसले. साहेबांपेक्षाही मला त्या दिवसासाठी स्वतःचाच राग जास्त येतो.

दोन महिन्यांनी एका दुपारी केंद्रात बिघाड झाला, भट्टी आपोआप बंद पडली आणि राखीव पाण्याला हाक गेली. पहिला व्हॉल्व्ह उघडला नाही. दुसरा उघडला, पण दहाऐवजी एकतीस सेकंदांनी. पाणी पोचलं आणि निभावलं. साधा भोंगासुद्धा वाजला नाही. आम्ही कॉलनीत कपडे वाळत घालत होतो. ‘झालं तर काही नाही ना,’ असं म्हणणाऱ्यांना मला त्या भट्टीशेजारी उभं करून वरचे एकवीस सेकंद मोजायला लावायचे आहेत.

चौकशी बसली. रविवारी सकाळी साहेब स्वतः आमच्या दारात. पिशवीतून त्यांनी तोच जुना कागद काढला. फिटरच्या सहीची चौकट रिकामी होती आणि कागदावर छापील क्रमांक असल्यामुळे तो गहाळ करायची सोय नव्हती. ते अगदी हळू आवाजात बोलत होते. एवढी सही करा, उद्यापासून तुमच्या जागेवर या, झालं गेलं विसरून जाऊ.

बाबांना ती जागा किती हवी होती हे आम्हाला ठाऊक होतं. त्या खिडकीत बसून दोन महिन्यांत ते म्हातारे दिसायला लागले होते. त्यांनी पेन घेतलं. साहेबांनी निःश्वास सोडला. पण बाबांचं लिहिणं लवकर संपेना.

‘पहिल्या वेळी व्हॉल्व्ह उघडला नाही. याआधीच्या चाचण्यांच्या आदल्या दिवशी मी स्वतः ग्रीस लावून तो फिरवत असे, म्हणून तो उघडत असे.’ खाली सही आणि त्या रविवारची तारीख.

साहेबांनी वाचलं. “यात तुम्हीच अडकाल.”

“फिरवत मीच होतो ना,” बाबा म्हणाले.

समितीने दोन्ही व्हॉल्व्ह खोलले. दांड्यांवर जुन्या ग्रीसचे थर सुकून कडक झाले होते. अहवालात दोषी एकच सापडला: नियमाबाहेर ग्रीस लावणारा फिटर. त्याने लिहूनच दिलं होतं, शोधायचे कष्टही पडले नाहीत. एकोणीस वर्षं ज्यांनी ‘समाधानकारक’ लिहिलं, त्यांच्यापैकी कुणाचं नाव नाही. साहेबांना बढती मिळाली.

आता चाचणीआधी आठवडाभर कुणी व्हॉल्व्हला हात लावायचा नाही, अशी पाटी तिथे लावली आहे म्हणतात. बाबांनी ती पाहिलेली नाही. त्यांना व्हॉल्व्हच्या खोलीच्या दारातून आत जायची मनाई आहे.