भाऊंचं कुलूप आणि माझ्या चार ओव्या

दीड महिना झाला. वर्ध्याच्या बाजारात आमच्या गावची, केळझरची भाजीवाली मला बघून तागडी खाली ठेवून म्हणाली, "बाई, तुमाले नाई समजलं काय? मास्तर गेले व..." मी पोचले तोवर अग्नी देऊन झाला होता.

भाऊ माझे थोरले. मी विधवा होऊन परतले ती त्यांच्याच घरी. शाळेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी एकच वैर धरलं, रेडिओवरच्या सिनेमाच्या गाण्यांशी. चावडीत गावाचा रेडिओ आला, त्याच्या कपाटाची किल्ली सरपंचांनी भाऊंकडेच दिली आणि गाव पस्तावलं. सिनेमाचं गाणं लागलं की भाऊ उठायचे, रेडिओचा कान पिळून तो बंद करायचे, कपाटाला कुलूप ठोकायचे. त्या दिवशी ते पुन्हा उघडायचं नाही, हा नेम. घरी येऊन नागपूरच्या रेडिओ केंद्राला तक्रारीचं कार्ड लिहायचे, त्यावर दोघाचौघांचे अंगठे घ्यायचे. गाण्याची पहिली ओळ अचूक लिहायची असे, म्हणून तेवढी मात्र कान देऊन ऐकायचे! मी हसायचे, तर आठ दिवस अबोला.

मग त्याच नागपूर केंद्राहून मला रेडिओवर जात्यावरच्या ओव्या म्हणायला बोलावणं आलं. वाटलं, आता तांडव होणार. पण भाऊंनी स्वतः मोटारीत बसवून दिलं. "आपल्या आईच्या ओव्या आहेत. नीट म्हणजो," म्हणाले. तिथल्या माईकसमोर आईच्या चार ओव्या गायल्या मी. भाऊ ऐकताहेत, एवढ्याच बळावर गायले.

परतले तर बायका माझ्याकडे बघेनात. माझ्याआधी केंद्रानं सिनेमाचं एक गाणं लावलं होतं. भाऊंनी कुलूप ठोकलं. बायका काकुळतीला आल्या, "मास्तर, खोला न, शांताबाईच्या ओव्या हायेत!" त्यांचं उत्तर, "बहिणीसाठी खोललं तं उद्या सगळ्याईसाठी खोला लागन."

मला पुन्हा बोलावणं आलं नाही. मीही घर सोडलं, वर्ध्याला शिवणकाम धरलं. राग होता. खरं सांगते, अजूनही आहे.

शेवटचं भेटले तेव्हा भाऊ अंथरुणाला खिळले होते. हळूच म्हणाले, "शांते, काय म्हटलं होतं व तू तवा रेडिओत? म्हणून दाखव न."

"मले आता नाई आठवत, भाऊ," मी म्हणाले. सगळं आठवत होतं... त्यांनी मान हलवली आणि डोळे मिटले. खोटं बोलले हे त्यांना कळलं असणार. शिक्षक होते ते.

तेरवीला, तेराव्या दिवशी, वहिनींनी सांगितलं, कुलूप लावलं त्या दिवशी भाऊ घरी येऊन जेवले नव्हते. कार्डही लिहिलं नव्हतं. मला हे कुणी आधी का सांगितलं नाही?

पाहुणे पांगल्यावर मी भाऊंच्या खोलीत गेले. खाट उभी करून ठेवली होती. तिच्याशेजारी जमिनीवर बसून चारही ओव्या म्हटल्या, सावकाश, आईच्या चालीवर. मध्येच बंद करायला कुणी नव्हतं.