परदेश दौऱ्याची कॅसेट आणि बाबांचं ट्रम्पेट

परवा माझ्या लेकानं मोबाईलवर शोधून काढलंच. म्हणाला, "आई, हाच का गं तुझा तो बँड? त्यांच्या पहिल्या परदेश दौऱ्यातली अख्खी मैफल आहे ही." वर पाच पोरांचा फोटो होता, मिसरूडही धड न फुटलेली पोरं. त्यांचे चेहरे मी जन्मात पहिल्यांदा पाहत होते. पण गाण्याआधीचा लोकांचा तो गलका सुरू झाला आणि मी म्हटलं, "बंद कर." लेक वैतागला, "तूच तर शोध म्हणालीस ना!" म्हणाले होते. पण ऐकवेना, त्याला मी काय करू?

ती मैफल आमच्या घरी कॅसेटमधून आली होती. बुलढाणा जिल्ह्यात अमडापूरच्या अलीकडे आमचं गाव. बाबा लग्नाच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायचे. लगीनसराईत लाल कोट आणि सोनेरी झालर, आणि पावसाळ्यात पाठीवर पंप घेऊन लोकांच्या कपाशीवर फवारणी. दोन्ही कामं दमाचीच.

चिखलीचा एक नवरदेव दुबईला कामाला होता. त्याचा हट्ट, की वरातीत माझ्या आवडीचं विलायती गाणंच वाजलं पाहिजे. त्यानं बँडमास्तरला कॅसेट दिली, मास्तरांनी ती बाबांकडे सरकवली. नवं गाणं कानावरून उचलावं तर बाबांनीच. मात्र स्वतः वाजवताना माणसाला स्वतःचं नीट ऐकू येत नाही, असं त्यांचं म्हणणं, म्हणून ते मला समोर बसवायचे. मी तेव्हा सातवीत होते. कॅसेटचा एक तुकडा ऐकायचा, बाबांनी तो वाजवायचा आणि मी निकाल द्यायचा. "खाली गेलं." "लवकर सोडलं." "पुन्हा." भलतीच खाष्ट होते मी. आई चिडायची, "बाप हाय तो तुहा, नोकर नाही!" बाबा हसून म्हणायचे, "राहू दे वं. पोरगी खोटं नाही बोलत."

त्या कॅसेटमधला एक शब्द आम्हाला कळत नव्हता. पण सिनेमाच्या गाण्यात गाणारा श्वास कधी घेतो ते समजत नाही, आणि इथं सगळंच ऐकू यायचं. ड्रमवाल्याचं काड्या आपटून ठोके मोजणं, माईकची शिट्टी, दोन गाण्यांच्या मधे त्या पोराचं चाचरत बोलणं, पोरींचं किंचाळणं. बाबा बोट वर करायचे, "हे पाय, इथं दम चोरला पोट्ट्यानं." चालू सुरात कोणाला न कळता श्वास घ्यायचा, त्याला बाबा दम चोरणं म्हणत. त्या परक्या पोराची अशी एकेक चोरी पकडताना त्यांना केवढा आनंद व्हायचा!

नवरदेवाचं गाणं कॅसेटमधलं तिसरं. ते चढत चढत टोकाला जायचं, तिथं गाणारा एकदम गप्प, आणि सगळी पब्लिक ओरडायची. आम्हाला वाटलं, गाणंच तसं आहे. बाबांनी साथीदारांना पढवलं: इथं चार ठोके कोणी वाजवायचं नाही, सगळ्यांनी मिळून ओरडायचं. वरातीत बँड ऐन रंगात येऊन थांबला, ढोलवाले, ताशेवाले आकाशाकडे तोंड करून "हेऽऽ" ओरडले, आणि घोड्यावरचा नवरदेव गर्रकन वळला. "अबे, मधात थांबले काऊन?" मग त्यानं सांगितलं, की मूळ गाण्यात तिथं सगळ्यात उंच ओळ आहे. ही मैफल त्या बँडच्या पहिल्या परदेश दौऱ्यातली, हिच्यात तो गाणारा ती गायलाच नाही. मास्तरांचं तोंड पाहण्यासारखं झालं. पण वऱ्हाडाला ते ओरडणंच आवडलं, दुसऱ्या खेपेला तेच बँडवाल्यांच्या आधी ओरडले. त्या हंगामात जो तो "ते थांबायचं गाणं वाजवा" म्हणत यायचा.

घरी आल्यावर बाबांनी ती जागा दहादा मागे घेऊन ऐकली. "दम संपला लेकराचा," ते म्हणाले. "परक्या मुलखात हाय, रोज गात असंल. लोकायनं सांभाळून घेतलं त्याले." मला हसू आलं, ते हसले नाहीत.

त्याच सुमाराला बीटी कपाशीचं बियाणं घरोघर आलं. आता बोंडअळी नाही, फवारणी नाही, असं दुकानदार छातीठोकपणे सांगायचे. बाबा खूश झाले, पाठीवरचा पंप सुटला म्हणाले. दोन हंगाम सुटलाही. मग मावा आला, तुडतुडे आले, पांढरी माशी आली, आणि फवारणी पहिल्यापेक्षा वाढली. दोन-दोन औषधं एकत्र कालवून मारायचे. कपाशी माणसाच्या डोक्याला लागलेली, बाबा आत शिरले की नुसता उडणारा फवारा दिसायचा. नाकाला काय, तर एक दस्ती, साधा हातरुमाल, बांधलेली. संध्याकाळी डोळे लालभडक आणि अंगाला तो वास, साबणानं घासला तरी न जाणारा. मग खोकला लागला. बुलढाण्याच्या डॉक्टरांनी छाती तपासून विचारलं, बिडी ओढता का? ओढत होते. झालं, सगळं खापर बिडीवर फुटलं. पंपाचं नाव त्यांनी काढलं नाही आणि आम्हीही काढलं नाही. बाबांची छाती नेमकी कशानं गेली हे मला आजही ठाऊक नाही. त्याचाच राग येतो.

मी दहावीत होते त्या वर्षी तुळशीचं लग्न झालं आणि हंगामाची पहिली वरात अमडापूरची ठरली. घरंदाज लोक, मोठं वऱ्हाड. मास्तर आदल्या आठवड्यात घरी आले. माणूस वाईट नव्हता. म्हणाले, "तब्येत बरी नसंल त सांग भाऊ. चिखलीचा एक पोरगा हाय, ह्या वर्षी त्याले घेतो. तू आराम कर, पुढच्या वर्षी ये." बाबा म्हणाले, "उद्या सांगतो."

मास्तर गेले तसं बाबांनी मला परसात बोलावलं. कॅसेट लावली, तिसरं गाणं. मग ट्रम्पेट पुसत म्हणाले, "आता नीट ऐक. मले माहं कळत नाही. तू बरोबर म्हणशील त जातो, नाही म्हणशील त मास्तरले नाही सांगतो. तुह्या कानावर सोडलं."

त्यांनी वाजवलं. पहिल्याच ओळीत दोनदा दम घेतला, आणि तो चोरलेला नव्हता, उघड घेतलेला होता. चढावर सूर फाटला. शेवटी नुसती हवा आली. वाजवून झालं आणि ते खोकत खोकत माझ्याकडे बघत राहिले. त्यांच्या ओठांवर ट्रम्पेटचा गोल लाल वळ उठला होता. सातवीतल्या त्या खाष्ट पोरीनं क्षणात सांगितलं असतं. मी म्हटलं, "एकदम बरोबर, बाबा. पयल्यासारखं."

त्यांचा चेहरा असा उजळला, की मला वाटलं, केवढं पुण्य केलं आपण!

माझ्या वर्गातली एक मुलगी नवरीची मावसबहीण होती, म्हणून मलाही त्या लग्नाचं बोलावणं होतं. मी पोरींच्या घोळक्यात मारुतीच्या देवळाजवळ उभी होते. ऊन कलत आलं होतं. नवरदेव दर्शन घेऊन बाहेर आला, कोणीतरी ओरडलं, "ते थांबायचं गाणं होऊ द्या!" आणि बाबांनी ट्रम्पेट वर केलं. अर्ध्या ओळीत ते फाटलं. त्यांनी पुन्हा सुरुवात केली. पुन्हा फाटलं, आणि शेवटी एक चमत्कारिक फुस्स निघालं. "सायकलची हवा गेली बे!" एक पोरगा ओरडला आणि अख्खं वऱ्हाड खदखदलं. माझ्या शेजारच्या मुलीही हसल्या. आणि सांगायला लाज वाटते, मीही ओठ ताणले, हे माझे वडील आहेत हे त्यांना कळू नये म्हणून.

मास्तर पुढे आले. त्यांनी बाबांच्या हातातलं ट्रम्पेट घेतलं, त्या चिखलीच्या पोराला दिलं आणि बाबांच्या हातात खुळखुळे ठेवले. पोरगा त्यांनी जोडीला आणूनच ठेवला होता. गाणं झोकात सुरू झालं. बाबा लाल कोटात मांडवापर्यंत खुळखुळे वाजवत गेले, ठेका एकदाही न चुकवता. माझ्यासमोरून गेले तेव्हा मी मान फिरवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा झाल्यावर त्यांनी मला जवळ बसवलं. कोट समोरच्या खुंटीवर होता. आवाज अगदी साधा, रोजचा.

"त्या दिवशी परसात वाजवलं तवा तुले ऐकू आलं होतं ना?"

मी म्हटलं, "हाव."

"मंग सांगतलं काऊन नाही?"

"तुम्हाले वाईट वाटलं असतं, बाबा."

त्यांनी हातातला रिकामा कप खाली ठेवला. मग म्हणाले, "वाईट त वाटलंच असतं, माय. पण घरात वाटलं असतं."

त्यानंतर बाबा सहा वर्षं होते. माझ्याशी बोलायचे, हसायचे, माझ्या लग्नात पाहुण्यांना वाढायलाही उभे राहिले. पण "ऐकून सांग" असं ते मला पुन्हा कधीच म्हणाले नाहीत.