उलट्या हाताचे नाना

नाना कुठल्याही माइकला पहिला हात लावत तो उलटा. तळहात नाही, बोटांची मागची बाजू. तोही उजवाच, डावा हात पाठीमागे, शाळेत शिक्षा झालेल्या मुलासारखा. चारही माइक, गिटारच्या तारा, ॲम्प्लिफायरची पेटी, सगळ्यांना असा ओझरता हात लावून झाल्याशिवाय आमच्या बँडमधल्या कुणालाही स्टेजवर चढायची परवानगी नसे. पहिल्यांदा हे पाहून मी हसलो तेव्हा म्हणाले, "हसा. करंट बसला की मूठ मिटते. तळहात लावाल तर माइक सोडता येणार नाही. उलटा हात असला तर झटकला तरी जातो. आणि माइक वेळेवर सोडता येणं ही कला गायकांना तशीही यायला हवी."

आम्ही चौघे अकोला-अमरावतीकडचे, आयटीत नोकरी करणारे, कर्वेनगरात एकत्र राहणारे. सुट्टीच्या दिवशी सोसायट्यांच्या कार्यक्रमांत वाजवायचो आणि साउंड सिस्टिम नानांची असे. शनिवार पेठेत त्यांचं आणि काकूंचं घर आणि घराखाली दोन माणसं उभी राहिली की भरणारं दुकान. साठी कधीच ओलांडली होती. आम्हाला ते नावाने कधी हाक मारत नसत. मी "गिटारवाले". तेही "अहो गिटारवाले", पुण्याचा सगळा मान आणि सगळा अपमान त्या "अहो"त भरून.

वीज ते फक्त आपल्या बोर्डावरून देत. लाकडी फळीवर स्वतः बनवलेला, सहा सॉकेटचा बोर्ड. करंट जरा कुठे गळला की त्याचं मेन आपोआप पडे. प्रत्येक सॉकेटवर आणि त्याच्या प्लगवर काकूंच्या नेलपॉलिशने नंबर घातलेले. चार नंबर गिटारचा. सगळी वाद्यं, सगळे माइक, सगळे ॲम्प्लिफायर एकाच बोर्डावर, एकाच अर्थिंगवर. "पंगत एक, तर पातेलंही एक," असं ते म्हणत. दुसऱ्या कुणाच्या बोर्डात आमचा प्लग गेलेला त्यांना खपत नसे.

ॲम्प्लिफायर सगळ्यांत शेवटी चालू आणि सगळ्यांत आधी बंद. उरलेली वायर वेटोळं करून सतरंजीखाली ढकलायची नाही, तापते. टेप गुंडाळलेला सांधा दिसला की वायर बाद. "पट्टी जखमेला लावतात, वायरला नाही." आणि स्टेजवर प्रत्येकाच्या पायात रबरी चप्पल. एका मंडळाच्या कार्यकर्त्याने देवासमोर चपला कशा, म्हणून हटकलं तेव्हा नाना शांतपणे म्हणाले, "देव रागावला तर माफ करतो. वीज करत नाही."

माझं त्यांच्याशी भांडण एकाच गोष्टीवरून. माझ्या गिटारच्या ॲम्प्लिफायरमधून सतत बारीक घूंऽ असा आवाज यायचा. वायरी हलवून, अंतर ठेवून त्यांनी तो बराच कमी केला होता. उरलेला जात नव्हता. "अहो, पेटी स्वस्तातली आहे. थोडी गुणगुण असू द्या. जिवंत माणसाचाही श्वास ऐकू येतोच की." मला ते पटत नसे. मला वाटायचं, म्हाताऱ्याला जमत नाही आणि कबूल करवत नाही. आज हे लिहितानाही लाज वाटते.

विश्रांतवाडीच्या एका सोसायटीचा गणपती होता. दुपारभर भुरभुर लागली होती, मांडवातली फरशी ओली होती. पाचच्या सुमाराला नानांनी उलटा हात लावून सगळं तपासलं. आरतीची घंटा वाजली तशी ते चपला काढून देवापुढे गेले. स्टेजवर मी एकटा आणि तो घूंऽ. शेजारी डेकोरेशनवाल्याच्या दिव्यांचा एक्स्टेन्शन बोर्ड पडला होता. मी चार नंबरचा प्लग काढला आणि त्यात लावला. आवाज एकदम गेला. मी हसलो, हे मला स्पष्ट आठवतं. नाना आले की त्यांना ऐकवायचं ठरवून मी गिटार गळ्यात घातली आणि उजव्या हाताने माइक धरला.

दोन्ही मुठी मिटल्या. एक तारांवर, एक माइकवर. ओरडता येईना. आरतीच्या टाळ्या चालू होत्या. त्या एक्स्टेन्शनचा एक सांधा टेपने गुंडाळलेला होता, तो भिजला होता, आणि त्यातली अर्थिंगची वायर जमिनीपर्यंत पोचलीच नव्हती. तिच्यातच करंट उतरून माझ्या तारांपर्यंत आला होता. हे सगळं मला नंतर समजलं.

नानांनी लांबून पाहिलं आणि अनवाणीच धावत आले. माणूस चिकटला तर आधी मेन पाडा, त्याला हात लावू नका, हे त्यांनी आम्हाला पाठ करून घेतलं होतं. तेच त्यांनी केलं. आपल्या बोर्डाचं मेन पाडलं. मिक्सरचे दिवे गेले, स्पीकर बंद पडले. मी सुटलो नाही. त्यांच्या बोर्डावर मी नव्हतोच. त्यांनी एकदा बोर्डाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग उलट्या हाताने गिटारवर असा फटका मारला की पट्टा तुटला आणि मी मागे पडलो.

ते वाकले. "कुठून घेतलंस?" तीन वर्षांत पहिल्यांदा एकेरी. मी बोटाने दाखवलं. त्यांनी तिकडे पाहिलं आणि ज्यावर कुणालाही बसू देत नसत त्या ॲम्प्लिफायरच्या पेटीवर बसले. हॉस्पिटलात पोचेपर्यंत ते गेले होते.

ओली फरशी, अनवाणी पाय, वय. लोकांनी कारणं शोधली आणि मी मान डोलावली. डेकोरेशनवाल्याने गडबडीत आपली वायर गुंडाळून नेली होती. मला कुणी काही विचारलं नाही. मी तेराव्याला जेवून आलो.

आठ महिन्यांनी काकूंकडे गेलो. त्या दुकानात होत्या. उभ्या उभ्याच सगळं सांगितलं.

"सामान आलं तेव्हा बोर्ड प्लगांसकट आला," काकू म्हणाल्या. "पाच जागेवर. चार नंबर रिकामा. ह्यांच्या हातून असं व्हायचं नाही. मी वाट बघत होते, कधी कोण येतं त्याची."

"काकू, मला माफ..."

"ते मला विचारू नका. ज्यांना विचारायचं होतं, त्यांना न विचारताच तर प्लग काढलात."

मग त्यांनी कोपऱ्यातला बोर्ड उचलून माझ्या हातात दिला. "घेऊन जा. इथे पडून गंजेल."

बोर्ड आता माझ्याकडे असतो. कार्यक्रमाआधी मी डावा हात पाठीमागे घेतो आणि एकेका माइकला उलटा हात लावत जातो. नवीन ड्रमर परवा हसला. नाना त्याला काहीतरी झणझणीत बोलले असते. मी पुढच्या माइकला हात लावला. चार नंबरचा प्लग मी सगळ्यांत शेवटी लावतो. घूंऽ सुरू होतो. याचं काहीतरी करू या, असं बँडमधलं कुणीतरी दर वेळी म्हणतं. मी असू दे म्हणतो.