शेषरावांच्या टबाचा लोड

लोड मंजुरीच्या टेबलावर बसलेल्या माणसाला किस्से शोधावे लागत नाहीत. कूलरवर धूळ बसते तसे ते बसत जातात. सत्तरच्या दशकात नागपुरात, वीज मंडळात, मी ते टेबल सांभाळलं. घरातले दिवे, पंखे, हीटर यांची बेरीज म्हणजे लोड. काम एवढंच! पण बेरजेपेक्षा माणसंच जास्त दमवायची. त्यात शेषरावांनी मला पार थकवलं.

*

शेषराव धंतोलीतले लाकडाचे व्यापारी. बायकोला, गिरजाबाईंना, संधिवात. डॉक्टरांनी सांगितलं, "रोज गरम पाण्यात गळ्यापर्यंत बसवा, नाहीतर या हिवाळ्यात खाट धरतील." शेषरावांनी कळमेश्वरहून पत्र्याचा मोठा टब करवून आणला, आत भलामोठा हीटर!

लोड वाढवायचा अर्ज आला म्हणून मी घर बघायला गेलो, तर शेषराव बाहेर. गिरजाबाईंनाच विचारलं, "घरात लोड किती आहे?"

"दोन लोड, चार तक्के," त्या म्हणाल्या. "काहून गा भाऊ, पाव्हणे येऊन राहिले का?"

*

गल्लीची लाइन आधीच भरलेली. मी नाही म्हटलं. शेषराव थेट आमच्या साहेबांसमोर जाऊन बसले.

साहेब हिशेबाला पक्के. म्हणाले, "बाईंचं वजन किती?"

"वजन कशाले?"

"माणूस जितका भारी, तितकं टबात पाणी कमी लागतं. हीटर लहान चालेल!"

शेषराव हात जोडून उठले. "साहेब, हे तिले तुम्हीच विचारा!"

*

पुढच्या आठवड्यात पुन्हा हजर. मला तर त्यांची चप्पल वाजली तरी डोकं दुखायचं.

"कूलर उन्हाळ्यात, टब हिवाळ्यात. दोन्हीची बेरीज काहून करता?"

"आणि कोणी दोन्ही एकदम लावलं तर?" साहेबांनी विचारलं.

"तर त्याले वीज नाही, डॉक्टर लागन!"

साहेब हसले आणि तिथेच नरमले. मंजुरी दिली, पण अट घातली. एकच खटका बसवायचा: वर केला तर घर चालू, खाली केला तर टब. दोन्ही एकदम नाही. मला वाटलं, चार दिवसांत हा माणूस कंटाळेल.

*

ऐन थंडीत, संध्याकाळी, खटका तपासायला गेलो. सगळ्या गल्लीत दिवे, यांच्याच घरात अंधार. घंटी वाजेना. दार ढकलून हाक मारली.

"या, या. पाय सांभाळा," आतून शेषराव बोलले.

न्हाणीच्या दाराशी सतरंजीवर, लोडाला टेकून, ते एकटेच अंधारात बसले होते. आतून पाण्याचा आवाज येत होता.

"रोज असंच बसता?"

"ती बाहेर येईपर्यंत."

तेवढ्यात आतून गिरजाबाईंनी विचारलं, "कोन आहे जी? लोडवाले भाऊ का? किती लोड झाला म्हन्तेत?"

शेषरावांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"काही लोड नाही वं," ते म्हणाले. "तू बस आरामात."