साहेबांचा ‘नाळे’ आणि आमचा नळ

तेव्हा बेळगाव असं वाढत होतं, की सकाळी रताळी काढायला रानात गेलेला माणूस दुपारी नव्या वसाहतीच्या चौकात उभा सापडायचा. पाण्याला मात्र साऱ्या गल्लीत एकच विहीर. घागरी वाहून कावलेली, साताऱ्याची आमची नवी वहिनी नळ मागायला थेट कचेरीत गेली. कानडी साहेब म्हणाले, “नाळे.” तिनं येऊन गल्लीभर साखर वाटली.

“अगं, नाळे म्हंजे उद्या गं!” आमचे थोरले अण्णा कळवळले.

“मग चर आजच खणूया की!”

गल्लीनं खणला. दुसऱ्या वसाहतीचे पाइप घेऊन निघालेल्या कंत्राटदारानं आयता चर बघून तिथंच पाइप पुरले. साहेबांनी मग थोर दूरदृष्टीनं नकाशातली आमची गल्लीच त्या वसाहतीत सरकवली आणि वहिनीच्या घागरी माळ्यावर गेल्या.