हनोख मुकादम रिक्षात बसले

पनवेलच्या इस्रायल आळीत एकोणनव्वद सालापर्यंत घरं उरली होती बोटावर मोजण्याइतकी. बाकीची ज्यू मंडळी केव्हाच इस्रायलला. शनिवारी मशिदीत, म्हणजे त्यांच्या प्रार्थनामंदिरात, दहा बाप्ये जमले नाहीत तर तोराची, धर्मग्रंथाची गुंडाळी पेटीबाहेर निघत नाही, त्या आठवड्याचा अध्याय वाचायचा राहतो. असा खंड आपल्याच कारकिर्दीत पडेल, या धास्तीने मशिदीचा कारभार पाहणाऱ्या मुकादम हनोख आपटेकरांना शुक्रवारपासून अन्न गोड लागत नसे.

धास्ती खरी, पण स्वभाव त्याहून खरा. दार उघडायचं यांनी, दिवा यांनी, वाचायचं यांनी, मराठीतून अर्थ सांगायचा तोही यांनीच. वर शिस्त. मागच्या शनिवारी गुडघेदुखीचा एलिजा झिराडकर नवीन पनवेलहून रिक्षाने आला, तर चारचौघांत म्हणाले, "विसाव्याच्या दिवशी, शब्बाथला, वाहन? घरी बसला असतास तर बरं."

एलिजा या शनिवारी घरीच बसला.

माणसं मोजायची नसतात अशी रीत, म्हणून हनोखभाऊंनी टोप्या मोजल्या. स्वतःची धरून नऊ. पुन्हा मोजल्या; वाढल्या नाहीत. थळकर म्हातारा जायला उठू लागला.

मिल्काबाई, मुकादमीणच ती, दारात येऊन हळूच म्हणाली, "जा की त्याच्याकडे. माझी टोपी चालत असती तर मीच घातली असती."

हनोखभाऊ चालत निघाले, रेल्वेचं फाटक ओलांडून. घाम असा, की बघणाऱ्याला वाटावं कोणी गेलं.

एलिजा ओटीवर गुडघ्याला तेल चोळत होता. "घरी बसलोय, मुकादम. तुमच्याच हुकमाने."

"चुकलो मी, एलिजा. चल."

"येतो. पण रिक्षाने. आणि तुम्ही चालत पोचेपर्यंत थळकर थांबणार का?"

नसता थांबला. गोरख रिक्षावाला समोरच उभा. "बसा काका. आमी कोनाला सांगनार नाय."

हनोखभाऊ डोळे मिटून बसले. गोरखने शब्द पाळला म्हणे. फक्त हॉर्न वाजवत आळीच्या तोंडातून थेट मशिदीच्या फाटकात नेऊन सोडलं. थळकर तिथेच, चपला घालत. मुकादमांना रिक्षातून उतरताना पाहून त्याने चपला पुन्हा काढल्या. हे सोडून जाणार कोण?

अध्याय होता मोशेच्या सासऱ्याचा. वाचून झाल्यावर हनोखभाऊ सवयीने अर्थ सांगायला उठले, थबकले, म्हणाले, "एलिजा, आज तू सांग."

एलिजाला तेवढंच हवं होतं. "सकाळपासून संध्याकाळपर्यंत मोशे एकटाच बसलेला, लोक ताटकळलेले. सासरा म्हणाला, जावईबापू, हे बरं नाही. तुम्ही झिजाल आणि हे लोकही. कामं वाटून द्या." मग मुकादमांकडे बघून, "सासरा म्हणाला हो, मी नाही."

बायकांच्या बाजूला पदराआड कोणीतरी हसलं. हनोखभाऊ हसले नाहीत. त्यांचं लक्ष टोप्यांकडे.

निघताना त्यांनी एलिजाला दारात गाठलं. "पुढच्या शनिवारी?"

"बघू. गुडघा काय म्हणतो त्यावर."

हनोखभाऊंनी इकडेतिकडे पाहिलं, आवाज खाली आणला. "गोरखला मी शुक्रवारीच सांगून ठेवतो."