तिच्या आईच्या तळव्यांची लादी

गल्लीत तिला सगळे चिखलाबाई म्हणायचे. तिला राग यायचा नाही. "बरंय की, चिखल चोरायला कोणी येत नाही," म्हणायची. गॅरेजच्या मागे तिची एक खोली होती. त्यात विजेची भट्टी, दोन फळ्या आणि पाण्याने फुगलेलं टेबल. पोटासाठी कप-बशा करायची. जीव मात्र सगळा देवस्थानात अडकलेला.

त्या देवस्थानाच्या भिंतींवर देव कोरलेत, राजे कोरलेत, त्यांचे घोडेसुद्धा. पिढ्यान्‌पिढ्या तिथली फरशी धुणाऱ्या बायका कुठेच नाहीत. आतल्या खोलीत तर त्यांना पाऊल टाकायला बंदी. तिच्या आईने ती फरशी चाळीस वर्षं धुतली. म्हणून हिने ठरवलं, धुणाऱ्या प्रत्येक बाईच्या हातांच्या तळव्यांचे ठसे ओल्या मातीच्या लादीवर घ्यायचे. "देव त्यांचा असेल, फरशी आपली," म्हणायची.

अकरा ठसे झाले. शेवटचा आईचा. म्हातारीने अंथरुणातूनच तळवे दाबले, घासायला बसल्यासारखे जोर लावून. त्यासाठी लादी चांगली जाड घ्यावी लागली होती. आठ दिवसांनी म्हातारी गेली.

आतली खोली बायकांना उघडा, म्हणून देवस्थानासमोर मी सभा लावली होती. शाळा मी सहावीत सोडली, पण माईक हातात आला की भलेभले वकील गप्प बसतात. मला मंचावर अकराही लाद्या हव्या होत्या. मधोमध मावशीची, म्हणजे तिच्या आईची.

"दहा भाजून तयार आहेत. आईची अजून ओली आहे." तिने लादी उचलून माझ्या गालाला लावली. "गार लागतेय ना? म्हणजे आत पाणी आहे. अजून पंधरा दिवस तरी."

"हवाच गार आहे गं! सभा परवा आहे."

"पाण्याची वाफ होते बाई. फुटेल."

"तुला लढायचंय की कप-बशा विकायच्यात? मावशी असती तर आधी तीच पुढे आली असती."

हे शेवटचं मी मुद्दाम टाकलं. कुठे मारलं की माणूस वाकतो, ते रस्त्यावर शिकलेय मी. तिने माझ्याकडे पाहिलं आणि भट्टी लावली.

दुपारी आतून धप्प आवाज आला. भट्टी निवल्यावर उघडली, तर तुकडेच तुकडे. एक अंगठा तेवढा ओळखू येत होता. ती खाली बसली. तुकडे बादलीत भरत राहिली. माझ्या तोंडून 'चुकलं' निघालं नाही.

सभेत कोणीतरी ओरडून विचारलं, "मधली जागा रिकामी का?" माझ्या तोंडून गेलं, "विश्वस्तांच्या माणसांनी फोडली!" गर्दी पेटली. आठवड्याभरात आतली खोली उघडली. पेपरात माझा फोटो आला.

चिखलाबाई मंचाशेजारीच उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

मी तिला न्यायला गेले. "चल, आत जाऊन येऊ. मावशीसाठी."

"लादी फुटली त्याचं मी तुला काही म्हणत नाही. भट्टी मीच लावली. पण माझी आई चाळीस वर्षांत खोटं सांगून एक दिवस घरी राहिली नाही. तिच्या हातांच्या नावावर तू खोटं खपवलंस. मी नाही येत त्या दारातून."

"मग काय करू मी?"

"जिथे बोललीस तिथेच सांग."

सात वर्षं झाली. दर सभेला ठरवते, आज सांगायचं. मग वाटतं, विरोधक टपलेत, दार पुन्हा लावतील. हे कारण खरं आहे. पण माझा तोराही तितकाच खरा आहे. ती आता फक्त कप करते. मी खिडकीवरून गेले तर मान वर करत नाही.

म्हणून इथे लिहिते: मावशीची लादी विश्वस्तांनी फोडली नाही. ओली असताना मी ती भट्टीत घालायला लावली.

हे छापून आलं तरी माईकसमोर उभं राहून सांगायचं उरतंच. तिने मला लिहायला नव्हतं सांगितलं.